कपॅसिटरमध्ये वीज साठते म्हणजे नेमकी कुठे साठते?

तिरफळ

पंखा रेंगाळायला लागला की इलेक्ट्रिशियन येतो, वाटी खाली सरकवतो, आतला छोटा डबा बदलतो आणि पैसे घेऊन जातो. डब्यावर लिहिलेलं असतं: २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी. हा कपॅसिटर आणि तो वीज साठवतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण कुठे साठवतो, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर "प्लेटांवर चार्ज साठतो" असं शाळेतलं उत्तर मिळतं आणि गाडी तिथेच थांबते. ते उत्तर अपुरं आहे, म्हणून हा धागा.

दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज वाहू न देणारं काहीतरी, मग ती हवा असो, कागद, काच किंवा प्लास्टिक. झाला कपॅसिटर. बॅटरी जोडली की एका पत्र्यावरचे इलेक्ट्रॉन बॅटरीमार्गे दुसऱ्या पत्र्यावर जातात. इकडे जितके वाढले तितकेच तिकडे कमी झाले. सगळ्या डब्याची बेरीज करा: आधी शून्य, नंतरही शून्य. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतात तो दाखला म्हणूनच इथे लागू पडत नाही. टाकीत पाणी खरोखर वाढतं, इथे चार्ज नुसता जागा बदलतो.

ऊर्जा लागते ती या ढकलाढकलीला. पहिला इलेक्ट्रॉन फुकटात जातो, कारण तेव्हा दोन्ही पत्रे सारखेच असतात. पुढच्या प्रत्येकाला आधी गेलेले मागे लोटतात, आणि शेवटच्याला तर पूर्ण व्होल्टेजच्या विरुद्ध जावं लागतं. सरासरी निम्मं व्होल्टेज पडलं. सूत्रातला अर्धा तिथून येतो:

ऊर्जा = ½ × कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग

(कपॅसिटन्स म्हणजे दर व्होल्टला किती चार्ज मावतो त्याचं माप. एकक फॅरड, मायक्रोफॅरड हा त्याचा दहालाखावा भाग.)

आणि ही ऊर्जा जाऊन बसते दोन पत्र्यांमधल्या विद्युत क्षेत्रात. म्हणजे जिथे ना तार, ना धातू, ना करंट, त्या मधल्या फटीत.

पंख्याच्या डब्यात किती मावते? आपल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टवर असतं. ते धरलं तर ०.१३ ज्यूल. शंभर ग्रॅमचं वजन १३ सेंटिमीटर उचलायला लागेल इतकीच. एवढ्याशा ऊर्जेने पंखा फिरत नाही हे उघड आहे, तिथे कपॅसिटरचं काम वेगळं असतं. त्यावर कुणी विचारलं तर लिहीन.

---

आंबोळी

मस्त धागा. मी विचारते! साठवलेल्या विजेवर पंखा फिरत नसेल तर तो डबा तिथे करतो काय?

---

तिरफळ

@आंबोळी, घरात येते ती सिंगल फेज. तिचं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी पुढे-मागे होतं, गोल फिरत नाही. म्हणून पंख्यात दोन वाइंडिंग असतात आणि एकीच्या वाटेवर कपॅसिटर. त्यामुळे त्या वाइंडिंगचा करंट दुसरीच्या आधी शिखर गाठतो आणि दोघींचं मिळून फिरतं क्षेत्र तयार होतं. कपॅसिटर पूर्ण गेला की पंखा नुसता गुणगुणतो, काठीने ढकलला तर कसाबसा फिरू लागतो. अर्धवट गेला की रेंगाळतो.

हा अर्धवट जाण्याचा प्रकार मोठा गमतीचा आहे. जुना डबा कापून बघा (पंख्यातून काढलेला, दोन्ही वायरी एकमेकींना लावून घेतलेला). आत चंदेरी फितीची घट्ट गुंडाळी निघते. पॉलिप्रॉपिलीनची फिल्म, जाडी पाच-सहा मायक्रॉन, आणि तिच्यावर धातूचा इतका पातळ थर की उजेडासमोर धरला तर पलीकडचं दिसतं. अशा दोन फिती एकमेकींवर ठेवून गुंडाळलेल्या असतात. २.५ मायक्रोफॅरडसाठी समोरासमोर येणारं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या आसपास लागतं. फीत ३ सेंटिमीटर रुंद धरली तर दोन्ही मिळून पंचवीसेक मीटर. तेवढी गुंडाळी त्या डब्यात असते.

फिल्म कुठे कच्ची असली की व्होल्टेज तिथून आरपार जातं. पण धातूचा थर इतका नाजूक की त्या भोकाच्या कडेचा धातू क्षणात उडून जातो आणि भोक आपोआप अलग पडतं. कपॅसिटर वाचतो. फक्त क्षेत्रफळ जरासं घटतं. वर्षानुवर्षं अशी हजारो बारीक छिद्रं पडत जातात, २.५ चे १.८ होतात, आणि आपण म्हणतो पंखा म्हातारा झाला.

---

खडूस_चहा

वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

घाटमाथ्यावरचा

फॅरडची फोड केली तर बरं होईल. सगळीकडे मायक्रो, नॅनो, पिकोच का दिसतं? एक फॅरडचा कपॅसिटर कुणी पाहिलाय?

---

निवृत्त_मास्तर

मी देतो उत्तर, तीस वर्षं हेच शिकवलं. कपॅसिटन्स तीन गोष्टींवर ठरतो: पत्र्यांचं क्षेत्रफळ जास्त तर जास्त, अंतर कमी तर जास्त, आणि मध्ये भरलेल्या पदार्थाचा गुणक. हवेत १ मिलिमीटर अंतर ठेवून १ फॅरड हवा असेल तर प्रत्येक पत्रा ११३ चौरस किलोमीटरचा लागेल. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान याहून थोडं लहान आहे. वर्गात हा आकडा सांगितला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघायची.

क्षेत्रफळ वाढवायला मर्यादा आहे, म्हणून सगळी कारागिरी अंतर कमी करण्यात आहे. अॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये फॉइलवर रासायनिक क्रियेने ऑक्साइडचा थर चढवतात, दर व्होल्टला दीड नॅनोमीटरच्या आत-बाहेर. तोच मधला पडदा. वर फॉइल आधी आम्लाने कुरतडून खडबडीत केलेली असते, म्हणजे तेवढ्याच मापात क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं. पण हा थर एकाच दिशेचं व्होल्टेज सोसतो. प्लस-मायनस उलटं लावलं की थर विरघळू लागतो, आत वायू धरतो आणि डबा फुगतो किंवा फुटतो. त्याच्या डोक्यावर जी फुली कोरलेली असते ती नक्षी नव्हे. फुटायचंच असेल तर वरून, ठरलेल्या जागी फुटावं यासाठी ती असते.

---

टीव्हीवाला_बापू

मास्तर, एक नंबर. आम्ही आयुष्यभर याला कंडेन्सर म्हणत आलो.

जुन्या पिक्चर ट्यूबचं सांगतो. ती ट्यूब स्वतःच एक कंडेन्सर असायची. काचेच्या आतून एक काळा थर, बाहेरून एक काळा थर, मध्ये काच. आतल्या थराला कलर टीव्हीत २५ हजार व्होल्टपर्यंत मिळायचे. टीव्ही बंद करून, प्लग काढून ठेवला तरी त्यातलं जायचं नाही. आम्ही लांब पेचकस घ्यायचो, त्याच्या दांडीला वायर बांधून दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या पट्टीला, आणि रबरी टोपीच्या खाली पातं सरकवायचं. चट्! एवढासा आवाज. पोऱ्या नवीन असला की तो खूश, झालं काम. त्याला मी म्हणायचो, थांब, दोन मिनिटं बस. मग परत पातं सरकवायला लावायचो. परत चट्! आवाज लहान, पण येणारच.

पहिल्यांदाच सगळं गेलं होतं तर दुसऱ्यांदा आलं कुठून, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

---

तिरफळ

@बापू, धाग्याच्या शीर्षकाचं उत्तरच दिलंत की तुम्ही!

विद्युत क्षेत्रात काच ठेवली की तिच्यातले धन आणि ऋण भार जरा-जरा विरुद्ध बाजूंना सरकतात. काही लगेच सरकतात आणि लगेच परततात, काही मात्र सुस्त असतात. पेचकस टेकवल्यावर पत्र्यांवरचा भार क्षणात निघून जातो, पण काचेतले हे सुस्त मागेच राहतात. पुढच्या काही मिनिटांत ते सावकाश मूळ जागी येतात आणि पत्र्यांवर पुन्हा थोडं व्होल्टेज उभं राहतं. इंजिनिअर लोक याला डायइलेक्ट्रिक अॅब्सॉर्प्शन म्हणतात. मोठे हायव्होल्टेज कपॅसिटर वापरात नसताना दोन्ही टोकं तारेने जोडून ठेवतात ते याचसाठी.

आणि वीज नेमकी कुठे साठते हा वाद पार पहिल्या कपॅसिटरपासूनचा आहे. १७४५ मध्ये पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि त्याच सुमारास हॉलंडच्या लायडन शहरात मुशेनब्रूक, दोघांनी स्वतंत्रपणे पाण्याच्या बाटलीत वीज साठवली आणि दोघांनीही जबर झटका खाल्ला. तीच लायडन बरणी. १७४६ मध्ये फ्रान्सच्या नोलेने राजासमोर १८० शिपाई हातात हात घालून उभे केले आणि बरणी त्यांच्यातून रिकामी केली. सगळे एकदम उडाले. सुरुवातीला लोकांना वाटायचं की वीज पाण्यात आहे. बेंजामिन फ्रँकलिनने चार्ज केलेल्या बरणीतलं पाणी ओतून टाकलं, नवीन भरलं, तरी झटका बसला. त्याने निष्कर्ष काढला की सगळं काचेत आहे.

---

रानवारा

फ्रँकलिनचा प्रयोग इतका सरळ नाहीये. सुट्या भागांची बरणी अजून कॉलेजांत दाखवतात: चार्ज करा, काचेच्या आतलं-बाहेरचं धातूचं भांडं काढा, भांडी एकमेकांना टेकवा, काही होत नाही. परत जोडा, ठिणगी! पण १९२२ मध्ये अॅडनब्रुकने हे तपासलं. भांडी काढताना भार हवेतून उडी मारून काचेच्या पृष्ठभागावर चिकटतो, काचेवरचा ओलावा त्याला मदत करतो. काचेऐवजी पॅराफिन मेण घेतल्यावर भार भांड्यांवरच राहिला. तेव्हा "भार काचेत असतो" हे त्या प्रयोगाने सिद्ध होत नाही. ऊर्जा मधल्या क्षेत्रात असते हे बरोबर, पण त्याचा पुरावा म्हणून ही बरणी दाखवू नये.

---

तिरफळ

@रानवारा, सहमत. भार कुठे बसलाय आणि ऊर्जा कुठे आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्रँकलिनच्या वेळी क्षेत्र ही कल्पनाच नव्हती, ती फॅरडेपासूनची.

ऊर्जेचा हिशेब मात्र सरळ मांडता येतो. हवा दर मीटरला ३० लाख व्होल्टपर्यंत टिकते, त्यापुढे ठिणगी. या मर्यादेवर एक घनमीटर हवेत ४० ज्यूल मावतात. पंख्याच्या फिल्ममध्ये ३२५ व्होल्ट सहा मायक्रॉनवर पडतात, म्हणजे दर मीटरला साडेपाच कोटींच्या घरात. तिथे घनमीटरला २८ हजार ज्यूल निघतात. फिल्मचं घनफळ जेमतेम साडेचार घन सेंटिमीटर. गुणाकार करा, तेच ०.१३ ज्यूल येतात. क्षेत्राच्या वाटेने जा नाहीतर चार्जच्या वाटेने, उत्तर एकच.

---

आंबोळी

एवढं सगळं करून ०.१३ ज्यूल? डोंगर पोखरून उंदीर!

---

सुईदोरा

@आंबोळी, उंदीर लहान असला तरी चपळ असतो. मी डॉक्टर आहे. डिफिब्रिलेटरच्या (हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनच्या) आत शंभर-दोनशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, तो दीड-दोन हजार व्होल्टपर्यंत चार्ज होतो. २०० ज्यूल होतात. साध्या पेन्सिल सेलमध्ये दहा हजार ज्यूलच्या वर असतात, म्हणजे तुलनेत २०० काहीच नाहीत. पण सेलला ते बाहेर काढायला वेळ लागतो आणि आम्हाला ते छातीतून दहा-वीस मिलिसेकंदांत जायला हवे असतात. त्या क्षणापुरती ती १०-२० किलोवॉटची शक्ती झाली. मशीनची बॅटरी काही सेकंद घेऊन कपॅसिटर भरते, चढत जाणारी शिट्टी ऐकू येते, आणि मग "सगळे बाजूला व्हा!" शॉक द्यायचा नाही असं ठरलं तर मशीन ती ऊर्जा आतल्या आत रेझिस्टरमध्ये जिरवतं. चार्ज तसाच ठेवून मशीन कपाटात जात नाही.

कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्येही हेच, फक्त तिथे ३०० व्होल्ट आणि पाच-सात ज्यूल.

---

बांधावरून

आमच्याकडे कपॅसिटर म्हणजे मोटारीचा. महावितरणवाले दर उन्हाळ्यात सांगतात की कृषिपंपाला कपॅसिटर बसवा, डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) वाचेल. ५ एचपीच्या मोटारीला २ केव्हीएआरचा बसवतात. आमच्या डीपीवरच्या निम्म्या लोकांनी तो काढून ठेवलाय, म्हणतात बिलात फरक पडत नाही. खरं-खोटं सांगा. इथले विद्वान पंख्यात अडकलेत.

---

निवृत्त_मास्तर

दादा, दोन्ही खरं आहे. बिलात फरक पडत नाही, आणि डीपी वाचतो.

मोटारीला दोन प्रकारची ऊर्जा लागते. एक पाणी उपसण्यात खर्च होते. दुसरी तिच्या चुंबकीय क्षेत्रात भरते आणि परत येते, केव्हीएआर हे तिचंच माप. सेकंदाला शंभर वेळा भरते, शंभर वेळा परतते. खर्च होत नाही, पण तिच्या ये-जा करण्याचा करंट डीपीपासून तुमच्या विहिरीपर्यंतच्या तारांतून वाहतोच. मोटारीशेजारी कपॅसिटर असला की मोटारीचं क्षेत्र रिकामं होताना ती ऊर्जा कपॅसिटर घेतो आणि भरताना परत देतो. येरझार मोटार आणि डब्यातच होते, तारेवरचा तेवढा बोजा उतरतो.

आकडे मांडतो. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट. मोटार ८५ टक्के कार्यक्षम आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खऱ्या कामाचा हिस्सा) ०.८ धरला तर ४१५ व्होल्टवर दर फेजला ७.६ अँपिअर. २ केव्हीएआर लावल्यावर ६.४. करंट सहाव्या हिश्श्याने घटला. तारा तापण्यातला तोटा करंटच्या वर्गावर ठरतो, तो जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो. डीपीवर वीस मोटारी असतील आणि सगळ्यांनी लावला तर शेवटच्या खांबावरच्या माणसाला व्होल्टेज जास्त मिळतं, त्याची मोटार कमी तापते. एकट्याने लावला तर त्याचं पुण्य सगळ्यांत वाटलं जातं, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपण कशाला.

---

बांधावरून

हे शेवटचं वाक्य डीपीच्या खांबावर लिहून ठेवतो. धन्यवाद मास्तर.

---

घाटमाथ्यावरचा

सुपरकपॅसिटर राहिला. ३००० फॅरडचा डबा मिळतो म्हणे. मास्तरांचं राष्ट्रीय उद्यान त्यात कुठे बसवलं?

---

रानवारा

कोळशात. सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांच्या आतल्या भिंती मोजल्या तर हजार-दोन हजार चौरस मीटर भरतात. त्यावर द्रावणातले आयन येऊन चिकटतात, अंतर नॅनोमीटरभर किंवा त्याहून कमी. क्षेत्रफळ अफाट आणि अंतर नगण्य, म्हणून हजारो फॅरड. पण व्होल्टेज २.७ च्या पुढे नेलं की द्रावण फुटायला लागतं. ३००० फॅरड, २.७ व्होल्ट म्हणजे ११ हजार ज्यूल, ३ वॉट-अवर. वजन अर्धा किलो. मोबाइलच्या ७० ग्रॅमच्या बॅटरीत १९ वॉट-अवर असतात. त्यामुळे सुपरकपॅसिटर बॅटरीची जागा घेणार या बातम्या वाचून शेअर घेऊ नका. तो भरतो सेकंदांत आणि टिकतो लाखो फेऱ्या, तिथे त्याला तोड नाही. शांघायमध्ये २००६ पासून त्याच्यावर बस चालवल्या. दर काही थांब्यांवर टपावरचा दांडा वर करायचा, प्रवासी चढेपर्यंत चार्ज.

---

खडूस_चहा

अवांतर: आमच्या थांब्यावर बस तेवढीही थांबत नाही.

---

तिरफळ

आता एक कोडं घ्या. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० व्होल्टला चार्ज केला: अर्धा ज्यूल. बॅटरी काढली. तसाच दुसरा, रिकामा कपॅसिटर त्याला जोडला. चार्ज निम्मा-निम्मा वाटला गेला, दोघांवर ५० व्होल्ट. प्रत्येकात अर्ध्या ज्यूलचा पाव, म्हणजे ०.१२५ ज्यूल. एकूण ०.२५. चार्ज सगळा जागेवर आहे, ऊर्जा मात्र निम्मी. उरलेली तारेच्या उष्णतेत, ठिणगीत आणि थोडी रेडिओ लहरींत गेली. तार जाड घ्या, बारीक घ्या, तोटा तेवढाच. कपॅसिटर थेट बॅटरीवर चार्ज करतानाही बॅटरीने दिलेल्यातली निम्मी वाटेतच जाते.

कोडं वेगळंच आहे. चार्ज केलेला कपॅसिटर, बॅटरी काढलेली, पत्र्यांमध्ये हवा. पत्रे ओढून अंतर दुप्पट केलं. आतली ऊर्जा वाढेल की घटेल?

---

आंबोळी

अंतर वाढलं, कपॅसिटन्स निम्मा. ऊर्जाही निम्मी?

---

ध्वनीमुद्रक

वाढेल. आमचा कंडेन्सर माइक याच तत्त्वावर चालतो. पडदा आणि मागची प्लेट, ४८ व्होल्टची लाइन एका भल्यामोठ्या रेझिस्टरमधून आलेली, त्यामुळे आवाजाच्या वेगात चार्ज बदलूच शकत नाही. पडदा हलला, अंतर बदललं, की व्होल्टेज बदलतं. तोच सिग्नल. इथे अंतर दुप्पट म्हणजे व्होल्टेज दुप्पट. कपॅसिटन्स निम्मा झाला तरी व्होल्टेजचा वर्ग चौपट, म्हणजे ऊर्जा दुप्पट.

---

आंबोळी

दुप्पट आली कुठून पण? बॅटरी तर काढलीये!

---

तिरफळ

तुमच्या हातातून. दोन पत्रे एकमेकांना ओढत असतात, त्यांना लांब नेताना जो जोर लावलात तोच. क्षेत्र होतं तेवढंच जोरकस राहिलं, फक्त जागा दुप्पट व्यापली.

---

निवृत्त_मास्तर

आणि बॅटरी जोडलेलीच ठेवून ओढलं तर आंबोळीताईंचं उत्तर बरोबर येतं, ऊर्जा निम्मी होते. व्होल्टेज बांधलेलं, चार्ज निम्मा उरतो, बाकीचा बॅटरीत परत जातो. आतून गेलेली ऊर्जा आणि हाताने लावलेली ऊर्जा, या दोन्ही सारख्याच भरतात आणि दोन्ही बॅटरीत जमा होतात. आंबोळीताई, सूत्रात घालून बघा, (मूळ कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग) याचा पाव अधिक पाव बरोबर अर्धा येतो.